विंचवाची जातकुळी



आळंदीच्या व्यासपीठावरून विंचवावर बोलण्याचे आम्ही कबूल केले, तेव्हा एका स्नेह्यांनी हसत विचारले, "नाथांनी विंचवावर भारूड रचून ठेवल्यावर त्या विषयात तुम्हाला सांगण्यासारखे उरले तरी काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे. एकनाथांचा विंचू मनुष्याच्या अंतःकरणात वस्ती करतो आणि त्याचा उतारा त्यांनी सत्त्वगुणात सांगितला आहे. आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो बापडा दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, भिंतीच्या भेगेत आणि क्वचित आपल्या वहाणेत राहतो. त्याच्या उताऱ्यासाठी मात्र आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. चावला तो विंचू कोणता?

हा प्रश्न काही पंडितांनी काढलेला नाही. घरात कोणी किंचाळले की वडीलमाणूस दिवा घेऊन धावते आणि पहिली पृच्छा करते ती हीच : "काळा होता की तांबडा? केवढा होता?" असे विचारणारी आजी नकळत वर्गीकरणच करीत असते. हे वर्गीकरण कोणी कोणत्या खुणा धरून केले, त्यात कोठे चुकले, आणि अचूक खूण सापडल्याने काय साधले, याचा इतिहास आज आपणापुढे ठेवावयाचा आहे. त्यातला बराचसा भाग महाराष्ट्रातच घडलेला आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे ठिकाण तर इंद्रायणीकाठापासून चार-पाच कोसांवर आहे.

आपल्या भाषेने विंचवाचे दोन ठळक भाग पाडले आहेत. साधा तो विंचू, आणि मोठी, दांडगी, काळी ती इंगळी. इंगळी म्हटले की अंगावर काटा येतो. साध्या विंचवाचे तेवढे भय वाटत नाही. म्हणजे आकार आणि रंग या आपल्या लोकांच्या खुणा होत. भाषेने आणखी एक गोष्ट अचूक टिपली आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचवाची मादी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिले प्रसवते, आणि ती पांढुरकी पिले पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवर बसून राहतात. ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने दगड उलथून नीट पाहिले होते यात शंका नाही. परंतु ज्या नजरेने बिऱ्हाड बरोबर पाहिले, तीच नजर विषाच्या बाबतीत मात्र फसली; ती कशी, हे पुढे येईलच.

शास्त्र म्हणून पाहू गेल्यास आपल्याकडे जुने वर्गीकरण सुश्रुतसंहितेत सापडते. कल्पस्थान हा त्या ग्रंथाचा विषविचाराचा भाग. त्याच्या शेवटच्या अध्यायात विंचवांचे ३० प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी १२ मंदविष, ३ मध्यमविष आणि १५ तीव्रविष. शेणाच्या कुजण्यातून मंद विंचू, लाकूड व विटांतून मध्यम, आणि सापाच्या कुजलेल्या देहातून किंवा विषापासून तीव्र विंचू उत्पन्न होतात, अशी त्यांची उपपत्ती आहे. त्याच अध्यायात कोळ्यांचे, म्हणजे लूतांचे, १६ प्रकार दिले असून त्यांत ८ कष्टसाध्य व ८ असाध्य मानले आहेत. आज ही उपपत्ती कोणी मानणार नाही. तथापि वैद्याला काय हवे होते, हे पाहिले म्हणजे तिच्यातला शहाणपणा लक्षात येतो. रोगी समोर तळमळत असता वैद्याला विंचवाची वंशावळ नको असते. हा जगेल की जाईल, एवढेच त्याला हवे असते. म्हणून त्याने विष हीच खूण धरली. सगळे विंचू सारखे नाहीत, आणि फरक विषाचा आहे, ही मोलाची गोष्ट त्याने सांगून ठेवली. अडचण एवढीच की, विषाची तीव्रता कळते ती चावल्यानंतर. दगडाखालचा विंचू पाहूनच त्याचे विष ओळखता येईल, अशी अंगावरची खूण कोणती, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न सुटला तो अगदी निराळ्या वाटेने, आणि ती वाट युरोपातून निघते. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सर्व प्राण्यांना दुहेरी नावे दिली. आधी वंशाचे नाव, मग जातीचे, जणू आडनाव आणि नाव. पण विंचवाला त्याने घातले कोठे? कीटकांत, आणि तेही पंख नसलेल्या कीटकांच्या रांगेत. त्याच रांगेत कोळी होते, गोचीड होती आणि खेकडेही होते! ज्यांना पंख नाहीत ते सारे एक, ही खूण धरल्यावर दुसरे काय होणार? नसलेल्या वस्तूवरून नाते ठरवू गेल्यास असा घोटाळा व्हावयाचाच. ज्यांच्यापाशी छत्री नाही ते सगळे एका कुळातले, असे म्हणण्यासारखेच ते होते.

हा घोटाळा फ्रान्सच्या लामार्कने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बराचसा निस्तरला. कीटकाला पाय सहा. विंचू, कोळी, गोचीड यांना आठ. शिवाय कीटकाच्या डोक्यावर मिशांसारख्या शृंगिका असतात, यांना त्या नाहीत. तेव्हा यांचा वर्ग वेगळा. त्यालाच आपल्या शास्त्रीय मराठीत अष्टपाद वर्ग म्हणतात. या घरात नातलग पुष्कळ आहेत. जाळे विणणारा कोळी, गुरांच्या कानाला चिकटणारी गोचीड, जुन्या पुस्तकात सापडणारा बिनशेपटीचा, तिळाएवढा छद्मविंचू, लांब काडीसारख्या पायांचे कापणीकोळी, हे सारे विंचवाचे भाऊबंद होत. विंचवाचे चिमटे हे त्याचे पाय नव्हेत. तोंडाजवळच्या अवयवांचीच ती वाढ आहे. ते सोडून मोजले म्हणजे पाय बरोबर आठ भरतात. आणि त्याच्या पोटाखाली फणीसारखे जे दोन अवयव असतात, ते या घरातल्या दुसऱ्या कोणालाही नाहीत. जमीन चाचपून पाहण्यासाठी तो त्यांचा उपयोग करतो. एखादा प्राणी विंचू आहे की नाही हे ठरविण्यास ही फणी पुरेशी आहे.

आता खुद्द विंचवांत भेद कसे करावे? जर्मनीच्या कोखने १८३७ च्या सुमारास डोळे मोजून कुळे पाडली. सहा डोळ्यांचे, आठांचे, दहांचे, बारांचे. विंचवाच्या पाठीवर मध्यभागी दोन डोळे असतात आणि कडेला आणखी काही. ती संख्या मोजावयास सोपी म्हणून त्याला भावली. पण डोळ्यांची संख्या सारखी असूनही बाकी काहीच न जुळणारे विंचू निघू लागले, आणि ती खूण मागे पडली. १८६१ साली पीटर्सने विंचू उताणा केला आणि चार जोडी पायांच्या मधले छातीचे हाड म्हणता येईल असे कवच पाहिले. काहींत ते त्रिकोणी, काहींत पंचकोनी. ही खूण पाहावयास लहान. पण ती खरी ठरली. त्रिकोणी छातीच्या विंचवांचे चिमटे बहुधा बारीक व शेपूट जाड असते, आणि मनुष्याला मारू शकणारे जगातले जवळजवळ सगळे विंचू याच एका कुळात येतात. त्या कुळाचे नाव ब्युथिडी. उलट, ज्यांचे चिमटे खेकड्यासारखे भक्कम व शेपूट त्या मानाने किरकोळ, ते मोठे काळे विंचू पंचकोनी छातीच्या कुळातले, आणि विषाने मंद.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. सुश्रुताच्या वैद्याला जी खूण हवी होती ती हीच नव्हे काय? ज्याच्या मुठीत बळ आहे तो भक्ष्य चिमट्यात चिरडतो, त्याला जहाल विष लागत नाही. ज्याचे चिमटे बारीक त्याची सारी भिस्त नांगीवर. आपल्या लोकांनी आकार पाहिला व काळ्या इंगळीला भ्याले. पाहावयास हवे होते चिमटे आणि शेपूट.

या कामात महाराष्ट्राचा प्रवेश झाला तो मुंबईतून. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. पुढल्याच वर्षी तिचा संग्रह फोर्ब्स स्ट्रीटवरील एका मद्यव्यापाऱ्याच्या पेढीत हलला. त्या व्यापाऱ्याचे नाव हर्बर्ट फिप्सन. १८८६ ते १९०६ अशी वीस वर्षे त्यांनी संस्थेचे चिटणीसपद सांभाळले. कोकणातून, घाटावरून, जंगलखात्याच्या अंमलदारांकडून बाटल्यांत घालून विंचू व कोळी येत, आणि तेथून पुष्कळसे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांच्या मेजावर जात. पोकॉक यांनी १८९३ साली इकडल्या एका मोठ्या काळ्या विंचवाला फिप्सनचेच नाव दिले. १९०० साली हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत त्यांचा अष्टपादांवरचा खंड निघाला. त्या खंडात आपला मुलूख जागोजागी भेटतो. एका विंचवाचे नाव साताऱ्यावरून सातारेन्सिस, तर दुसऱ्याच्या पोटजातीचे नाव कोकणावरून कोंकनेन्सिस. लॅटिन विभक्ती लावून का होईना, साताऱ्याचे नाव जगाच्या विद्येत गेले.

स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या माणसांनी हाती घेतले. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ सालची, तिचे मुख्य ठाणे कलकत्त्यास. १९५९ साली तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात निघाले, आणि आज ते आकुर्डीस आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिला मुक्काम करते तीच ही आकुर्डी. वारीच्या वाटेवर एका इमारतीत काचेच्या बरण्यांतून सह्याद्रीचे विंचू ओळीने ठेवलेले आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल! या केंद्रातील देशभूषण बस्तवडे यांनी बिनॉय कृष्ण टिकादर यांच्याबरोबर भारतातील विंचवांवरचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. पोकॉकनंतर त्र्याऐंशी वर्षांनी भारतीय विंचवांची संगतवार मांडणी भारतीयांच्या हातून झाली. ज्याला कोणाला विंचू ओळखावयाचा असेल, त्याने क्रमाने प्रश्न विचारीत जावे आणि अखेर नावाशी पोहोचावे, अशी त्याची रचना आहे. पूर्वी केवळ डोळे व छाती पाहत. आता चिमट्यांवरच्या अत्यंत सूक्ष्म संवेदनाकेसांची जागा व संख्याही मोजतात. ही रीत फ्रान्सच्या माक्स व्हाशों यांनी १९७० नंतरच्या दशकात पक्की केली.

कोणी म्हणेल, केस मोजून कोणाचे भले झाले? त्याचे उत्तर महाडला मिळते. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत असत. बारीक चिमट्यांचा, जाड शेपटीचा, बोटभर लांबीचा हा तांबूस विंचू इंगळीपुढे अगदी किरकोळ दिसतो. १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्यांना असे दिसले की, नुसत्या वेदनेने आरडाओरडा करणारा रोगी बहुधा वाचतो. पण ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर विषाचा घाला पडलेला असतो, आणि पुढे फुप्फुसात पाणी भरून तो दगावतो. ही लक्षणे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात मांडली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन नावाचे स्वस्त औषध या विषाचा परिणाम उलटवते, हे त्यांनी १९८६ साली त्याच साप्ताहिकातून जगापुढे ठेवले. गंभीर रोग्यांत शंभरी पंचवीस-तीस मृत्यू होत, ते प्रमाण या उपचाराने शंभरात एकाच्याही खाली आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. या कार्याबद्दल त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता मांत्रिकाचा विचार करा. विंचू उतरविणारा माणूस पूर्वी गावोगाव असे, आणि त्याचा गुण येतो अशी पुष्कळांची प्रतीती होती. ती प्रतीती खोटी नव्हती. तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. मंदविष विंचवाची वेदना काही घटकांनी किंवा दिवसभरात आपोआपच उतरते; मंत्राला यश लाभते ते याच विंचवांत. काळ्या इंगळीचा उतारा साधल्यावर मांत्रिकाची कीर्ती वाढे, आणि त्याच कीर्तीच्या भरवशावर तांबड्या विंचवाच्या रोग्याला त्याच्या दारात बसवून ठेवण्यात मोलाचे तास निघून जात. दोन कुळांतला भेद न ओळखल्याची ही किंमत होती.

या तांबड्या विंचवाच्या नावाचाच एक छोटा इतिहास आहे. लिनियसचा शिष्य फाब्रिशियस याने १७९८ साली त्याला 'टॅम्युलस' म्हटले. हे नाव तमिळ देशावरून आलेले आहे. त्याचा वंश मात्र वारंवार बदलला. पोकॉकच्या ग्रंथात तो ब्युथस, पुढे मेसोब्युथस, आणि २००७ साली कोवार्शिक या संशोधकाने त्याला हॉटेन्टोटा या वंशात घातले. फिप्सनच्या काळ्या विंचवाचेही तसेच झाले. २०२० साली त्या गटाची फोड होऊन तो 'डेक्कनोमेट्रस' म्हणजे दख्खनच्या वंशात गेला. नावे अशी बदलू लागली की सामान्य माणूस वैतागतो. त्याला वाटते, पंडितांना उद्योग नाही. परंतु नाव बदलते ते लहरीने नव्हे. नाते अधिक चांगले कळले म्हणून.

नाते कसे कळते, हे समजण्यास आळंदीइतके योग्य स्थळ दुसरे नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली येथे समाधी घेतली. पुढे तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या आणि पाठभेद शिरले. नाथांनी आळंदीस येऊन समाधिस्थानाचा उद्धार केला आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सारे जाणता. आमच्या काळात हेच कार्य महाभारताच्या बाबतीत पुण्याच्या भांडारकर संस्थेने केले; १९१९ साली आरंभलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्यासाठी पोथ्यांची घराणी लावली. ज्या दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते, त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, हे त्यातले मुख्य तत्त्व. पोथीचे वेष्टन तांबडे की काळे, यावरून तिचे घराणे ठरत नाही. आतल्या समान पाठभेदांवरून ठरते.

प्राण्यांचेही अगदी असेच आहे. प्रत्येक जीव आपल्या पेशीतील आनुवंशिक द्रव्याची नक्कल पुढच्या पिढीस देतो, आणि नकलेत कधीमधी चूक होते. ती चूक पुढे उतरत जाते. आज हे पाठभेद प्रत्यक्ष वाचता येतात. पुण्यातील संशोधकांनी, त्यांत बस्तवडेही होते, २०१७ साली तांबड्या विंचवाच्या आठ ठिकाणच्या समूहांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना तीन गट आढळले. जास्त पावसाच्या प्रदेशातला, मध्यम पावसाच्या आणि कमी पावसाच्या. दिसावयास एक असलेला हा विंचू आतून तीन शाखांत वाटला गेला आहे. निरनिराळ्या भागांतील तांबड्या विंचवांच्या विषातही फरक आढळल्याच्या नोंदी आहेत. मग एका भागातल्या विंचवाच्या विषापासून केलेली प्रतिविषाची लस दुसऱ्या भागात तितकीच लागू पडेल का, हा प्रश्न उभा राहतो. वंशावळीचा प्रश्न असा फिरून वैद्याच्या दारी येतो.

येथे वर्तुळ पुरे होते. सुश्रुताने विष पाहिले, पीटर्सने छाती पाहिली, पोकॉक, टिकादर व बस्तवडे यांनी अंगप्रत्यंग मोजले, बावस्करांनी रोगी पाहिला, आणि आताचे संशोधक आनुवंशिक पाठभेद वाचतात. प्रत्येकाची खूण निराळी. पण ज्या खुणा नात्यातून आलेल्या होत्या त्या टिकल्या, आणि ज्या केवळ डोळ्यांत भरल्या म्हणून धरल्या होत्या त्या गळून पडल्या. वर्गीकरण म्हणजे नुसते नावे ठेवणे नव्हे. कोणते साम्य खरे व कोणते वरवरचे, याचा तो निवाडा आहे. आणि हा निवाडा चुकला तर माणूस मरतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आषाढी वारीला आपल्यापैकी पुष्कळजण निघतील आणि उघड्या रानात, तंबूत, शाळांच्या ओसरीवर जमिनीवर निजतील. पहिल्या पावसाने बिळे भरली की विंचू बाहेर पडतात. निजण्यापूर्वी अंथरूण झाडावे, वहाणा आपटून घालाव्या, दगडाखाली हात घालू नये. आणि विंचू चावलाच, तर तो केवढा होता याचा खल करीत बसू नये. चिमटे बारीक व शेपूट जाड असेल, किंवा विंचू दिसलाच नसेल, अथवा रोग्याला उलटी, घाम, गार हातपाय यांपैकी काही दिसेल, तर तत्काळ इस्पितळाची वाट धरावी. मूल शांत पडले आहे म्हणून बरे वाटते आहे असे समजू नये. त्याच्या तळहाताला हात लावून पाहावा.

आमच्या स्नेह्यांना आता आम्ही उत्तर देऊ शकतो. नाथांनी आतल्या विंचवाचा उतारा सांगितला, तो त्यांनीच सांगावा. बाहेरच्या विंचवापुरते पाहिले, तर त्याची जातकुळी ओळखणे हाच उताऱ्याचा पहिला अर्धा भाग आहे.